सादिक सरांचं चुकलेलं वाक्य

आमच्या कॉलेजात संगीत विभागाला दोनच खोल्या. एकीत हार्मोनियम, तानपुरे आणि तबल्याच्या चार जोड्या. दुसरीत फळा, बारा खुर्च्या आणि एम.ए.चे वर्ग. ग्रंथालय त्याच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करताना माझ्या कानावर कुणाचा ना कुणाचा तीनताल पडत आला आहे. शेख सादिक सरांशी माझी पहिली ओळख झाली ती अशी भिंतीतून.

सर वाशीमचेच. त्यांचे वडील तबला-ढोलकीच्या पुड्या, म्हणजे वाजवायची चामडी तोंडं, बांधायचे. खेड्यापाड्यांतली भजनी मंडळं वाद्य दुरुस्तीला आणायची, आणि बांधून झालेली ढोलकी वाजवून बघण्याचं काम सादिककडे असायचं. त्यातूनच हात तयार झाला. पुढे रीतसर शिकले, एम.ए. केलं, आमच्याकडे लागले. वाजवायला बसले की वर्गातलं पोरगंन् पोरगं हलायचं विसरायचं. पण लिहायचं काही काम निघालं की सरांना हटकून तहान लागायची. ते पाणी प्यायला जायचे आणि तिकडून थेट घरी.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागतो. तो आमच्याकडे कसा लिहिला जायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. फेब्रुवारीत विद्यार्थी ग्रंथालयात यायचे, कपाटातले बांधलेले तीन जुने प्रबंध काढायचे, खिडकीपाशी बसायचे आणि मार्चमध्ये चौथा तयार. मी त्यावर शिक्का मारून नंबर घालायची आणि त्याच कपाटात ठेवायची. पुढच्या वर्षी तोच बाहेर निघायचा. मी कधी काही बोलले नाही, हेही इथे सांगून टाकते.

२०२३च्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. शांत आवाजाच्या, चष्मा नाकावर. त्यांच्यापुढे तीन प्रबंध होते आणि तिन्हींत एकेका पानावर कागदाची चिठ्ठी घातलेली होती. तिन्ही ठिकाणी एकच वाक्य होतं: ‘मृदंगवादक गोविंदसिंग यांचे १९६४ मध्ये निधन झाले व त्यांच्यासोबत या भागातील मृदंगाची परंपरा संपली.’ ‘परंपरा’तला अनुस्वारसुद्धा तिन्हींकडे चुकीच्या अक्षरावर पडला होता.

“हे कशावरून?” बाईंनी समोरच्या मुलाला विचारलं.

“पुस्तकात हाय, मॅडम.”

“कोणत्या?”

मुलानं सरांकडे पाहिलं. “सरांच्या प्रबंधात.”

बाई सरांकडे वळल्या. “आणि सर, तुम्ही कशावरून लिहिलंत?”

“आठवत नाही, मॅडम,” सर म्हणाले.

ते खोटं होतं. संध्याकाळी सर ग्रंथालयात आले आणि २००३ सालचा स्वतःचा प्रबंध काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“साधनाताई, मले चांगलं आठवतं,” ते म्हणाले. “बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एका बुढ्यानं सांगितलं होतं, गोविंदसिंग लय वर्षापयले गेला म्हणून. चौसष्ट हे साल मीच अंदाजानं टाकलं. अन् परंपरा संपली हे तं कोणी सांगितलंबी नाही. प्रकरणाचा शेवट जरा वजनदार वाटावा म्हणून मीच लिवलं.”

मी त्यांना पाणी दिलं. या वेळी ते प्यायले आणि बसून राहिले.

जुलैत अभ्यासक्रम बदलला आणि पहिल्याच सत्रात ‘संशोधन पद्धती’ नावाचा पेपर आला. तो शिकवायला विभागात कुणी तयार होईना. गायनाच्या मॅडम म्हणाल्या, माझा घसा त्यासाठी नाही. बैठकीत सर हळूच म्हणाले, “मी घेतो.” सगळ्यांना वाटलं, चेष्टा करताहेत.

त्यानंतर महिनाभर सर दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन बसू लागले. पंचविसेक वर्षं तबला हाताळलेला माणूस, पण वही-पेन घेऊन पहिलीतल्या पोरासारखा विचारायचा. संदर्भ म्हणजे नेमकं काय लिहायचं? पुस्तकाचं पान सांगितलं पाहिजे का? माणसानं तोंडी सांगितलं असेल तर ते कसं नोंदवायचं? कुणी ‘माझं नाव घालू नका’ म्हणालं तर? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही येत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून पुस्तकं मागवली, काही समजली, काही नाही समजली. सरांनी वहीत तीन रकाने आखले: वाचलं, ऐकलं, वाटलं. स्वतःच्या प्रबंधातलं एकेक वाक्य ते त्या रकान्यांत टाकत गेले. ‘वाटलं’चा रकाना तिसऱ्याच दिवशी भरला.

“अब्बा म्हणायचे,” एकदा ते म्हणाले, “तबल्याच्या काठावर सोळा घरं असतात. एका घरावर सूर लागला म्हणून जोडी गिऱ्हाइकाले देऊ नको, सोळाही ठोकून पाह्य. वाजवताना मी हे पाळलं. लिवताना एकही घर ठोकलं नाही.”

वर्गात सात विद्यार्थी होते. पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सची आठ पानं आणि एक लाल पेन दिलं. ज्या वाक्याला आधार दिसत नाही, त्याखाली रेघ मारायची, एवढंच काम.

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा देवानंद राठोड होता. त्यानं पहिलं पान पाहिलं, वरचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “सर, हे तं तुमचंच हाय.”

“माह्यंच हाय. म्हणून तं बिनधास्त मारा रेघा.”

पोरं आधी लाजली, मग रंगात आली. तास संपेपर्यंत पानं तांबडीलाल झाली. सर सगळ्यांच्या मधोमध उभे राहून हसत होते, पण कानशिलं लाल झाली होती, हे मी दारातून पाहिलं.

मेडशीची निकिता मात्र पाचव्या पानावरच थांबली होती. सोयाबीन-तुरीचं घर, चौघी बहिणींत धाकटी, रोज एसटीनं ये-जा करायची. वर्गात फारसं बोलत नसे. सगळे गेल्यावर ती सरांजवळ आली.

“सर, हे गोविंदसिंग चौसष्टले कसे वारले?”

“काहून?”

“आमच्या शेजारी मनकर्णाआजी राह्यते. ते तं म्हणते, गोविंदसिंगबुवा तिच्या पोराच्या लग्नात वाजवाले होते. अन् विकासकाकाचं लगन चौसष्टले कसं होईन? विकासकाकाचा जलमच चौसष्टचा हाय.”

सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि खाली बसले.

त्या रविवारी निकिता मोबाइल घेऊन मनकर्णाबाईंकडे गेली आणि सोमवारी मोठ्या उत्साहानं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन आली. ग्रंथालयात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही तिघांनी तिथंच ऐकलं. “आजी, गोविंदसिंगबुवा लय मोठे कलाकार होते ना?” “हो.” “तुले त्यायचं वाजवणं लय आवडत असंन ना?” “हो.” “ते गेले तवा तुले लय दुःख झालं असंन?” “हो बाई.” मध्येच शेळी ओरडली. ती सोडली तर आजींच्या वाट्याला तीनेक मिनिटं आली होती.

सर रागावले नाहीत. म्हणाले, “निकिता, तूच विचारलं अन् तूच सांगितलं. आजीनं फक्त सही केली. आता हे अख्खं कागदावर उतरव. तुह्या हातानं. शब्दन् शब्द.”

तिला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कागद आणून दिले तेव्हा चेहरा उतरला होता. “सर, मी किती बोलली हो!”

“आता तुले संशोधन याले लागलं,” सर म्हणाले.

मग वर्गात आठवडाभर प्रश्न विचारण्याचाच सराव झाला. जोड्या करून एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. प्रश्नात उत्तर लपलं असेल तर बाकीच्यांनी टाळी वाजवायची. आधी टाळ्यांचा पाऊस पडायचा. देवानंद म्हणायचा, “सर, मी तांड्यातलाच हावो, आमच्या गाण्याचं मले कायले कोणाले विचारा लागते?” सरांनी त्याला घरातल्या तीन बायांना एकाच गाण्याबद्दल वेगवेगळं विचारून यायला सांगितलं. तो तीन वेगळी उत्तरं घेऊन आला आणि त्यानंतर तसं कधी म्हणाला नाही.

दसऱ्याआधीच्या शनिवारी सर आणि निकिता मेडशीला निघाले. सरांनी मलाही बोलावलं. “तुमी सोबत असाल तं मी कमी बोलीन,” असं कारण दिलं.

मनकर्णाबाई ऐंशी पार केलेल्या, अंगानं बारीक, नजर मात्र तल्लख. ओसरीत खाटेवर बसून तुरीच्या शेंगा नाही तर आणखी काही, हाताला सतत काम हवंच. त्या दिवशी मेथी निवडत होत्या. त्यांचा मुलगा विकास आम्हाला चहा विचारून गेला. निकितानं पंखा बंद केला, फोन मधे ठेवला आणि म्हणाली, “आजी, मृदंगाची तुही पयली आठवण सांग.” बस्स, एवढंच. मग ती गप्प बसली. मनकर्णाबाईही गप्प. मेथीच्या तीन काड्या निवडून झाल्या. मला वाटलं, आता काही होत नाही. मधे बोलू नये म्हणून सरांनी पायाचा अंगठा दाबून धरला होता.

“कणीक,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“मृदंगाच्या डाव्या तोंडाले कणीक लावा लागते ना पोरी, तं थे मी मळून द्याची. माह्या मालकाले, जगदेवले, बुवानं शिकवाले घेतलं होतं. बुवा पंधरा-पंधरा दिवस आमच्याकडंच राहे. ओसरीत शिकवनी चाले, मी आत चुलीपाशी. बुवा बोल सांगे, मालक म्हणे. मालक इसरे. मी आतून सांगो.”

“मंग?” निकितानं विचारलं.

“मंग एक दिस बुवानं इचारलं, आतून कोन बोलून राह्यलं? मालक म्हणे, थे काय, बायको हाय. बुवा म्हणे, जगदेव, तू वाजव अन् हे बोलन. तुह्या हातात हाय, तिच्या डोक्यात हाय. तवापासून मले समोर बसवलं. लोकं हासले. सासूनं आठ दिस अबोला धरला. पन बुवा आयकत नव्हता.”

सर पुढे सरकले. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी मास्तर काय? तबल्यावाले? मंग म्हना काहीतरी.”

सरांनी चौतालातली एक परण, म्हणजे मृदंगाच्या बोलांची बांधलेली रचना, म्हटली. पंचवीस वर्षांचा सराव. पण आजींसमोर शेवटी तीनदा म्हणायच्या तुकड्यात, तिहाईत, त्यांची जीभ अडखळली. मनकर्णाबाईंनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली, उजव्या हातानं खाटेच्या लाकडावर ताल धरला आणि तिथूनच पुढे सुरू केलं. धा, तिट, कत, गदि, गन, आवाज कापरा पण अक्षर न् अक्षर वेगळं. एक परण संपली, दुसरी सुरू झाली. तिसरी तर सरांनी कधी ऐकलीच नव्हती. निकिता एक शब्द बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायलाही ती हात हलवत नव्हती, फोनमध्ये आवाज येईल म्हणून.

थांबल्यावर सरांनी हात जोडले. “आजी, बुवा कधी वारले, सांगता येईल?”

“साल मले नाही समजत. विकासच्या लग्नानंतर दोन-तीन वर्सानं. तूर सोंगाचे दिस होते.”

विकासनं आतून लग्नातला फोटो आणला. मांडवात मधोमध पांढऱ्या फेट्यातला एक म्हातारा मृदंग मांडीवर घेऊन बसलेला. मागे मालेगावच्या स्टुडिओचा शिक्का आणि निळ्या शाईत तारीख: मे १९८८.

सरांनी विकासला विचारून त्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला. परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, “ताई, मी त्या माणसाले जितेपणी मारलं. अन् या बाईले तं जलमूच देल्लं नाही.”

निकितानं तिथंच थांबायचं नाही असं ठरवलं. गोविंदसिंग मानोरा तालुक्यातल्या ज्या गावचे, त्या ग्रामपंचायतीत ती देवानंदला घेऊन गेली, अर्ज केला, दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेला मृत्यूची जुनी नोंदवही निघाली. त्यात होतं: गोविंदसिंग, १९ जानेवारी १९९१. तुरीच्या सोंगणीचे, कापणीचे दिवस. मनकर्णाबाईंना साल सांगता आलं नव्हतं, पण हंगाम बरोबर होता.

त्यानंतर सरांनी जे केलं ते करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. त्यांनी दुरुस्तीचा एक कागद छापला: पान अमुक, वाक्य चुकीचं, ते मी ऐकीव माहितीवर व अंदाजानं लिहिलं होतं, खरी माहिती अशी, आणि ती शोधणारी विद्यार्थिनी निकिता. खाली सही. तो स्वतःच्या प्रबंधात चिकटवला. मग त्या तिघा विद्यार्थ्यांना फोन करून त्यांच्या परवानगीनं त्यांच्या प्रबंधांतही चिकटवला. परीक्षक बाईंना पत्र लिहिलं, त्यात ‘मला आठवत होतं’ हेही लिहिलं. बाईंचं उत्तर चार ओळींचं आलं. शेवटची ओळ होती, ‘असं पत्र मला पहिल्यांदाच आलं.’

विभागात कुजबुज झाली. एकजण मला म्हणाला, सरांनी स्वतःचीच इज्जत घालवली. पण झालं उलट. फेब्रुवारीत विद्यार्थी नेहमीप्रमाणे जुने प्रबंध काढायला आले, ते नक्कल करायला नाही, चुका शोधायला. सापडलेल्या चुका नोंदवायला मला वेगळी वही ठेवावी लागली.

निकिता पुढची दीड वर्षं जवळजवळ दर रविवारी मनकर्णाबाईंकडे बसली. अकरा परणी लिहून झाल्या. संमतीचा कागद तिनं वाचून दाखवला तेव्हा आजी म्हणाल्या, “माह्य नाव लिव. पन मालकाचंही लिव. हात त्याचाच होता.” जगदेव जाऊन बारा वर्षं झाली होती. प्रबंधात दोघांची नावं आली.

दहाव्या परणीत चार मात्रा काही केल्या आजींना आठवेनात. निकितानं ती जागा कोरी सोडली. २०२५च्या तोंडी परीक्षेला त्याच बाई आल्या होत्या. त्यांचं बोट नेमकं त्या जागी गेलं.

“इथे रिकामं का?”

“आजीले तेवढं आठवत नाही, मॅडम,” निकिता म्हणाली. “मले सुचले होते बोल. चांगले बसतही होते. पण मंग ते माह्ये झाले असते, बुवाचे नाही.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचं पान उलटलं. बाहेर आल्यावर देवानंदनं निकिताला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, “काय माहीत, पण मले भेव नाही वाटलं.” दोघंही चांगल्या गुणांनी पास झाले.

जुलैत विकासनं आईला वाशीमला आणलं. नव्या वर्गातल्या पोरांसमोर मनकर्णाबाई तासभर बोलल्या. एका मुलीनं विचारलं, “आजी, तुले वाजवाचं कधी वाटलं नाही?” त्या म्हणाल्या, “वाटलं तं! पन तवा कोनं इचारलंच नाही. तू पयली.” वर्ग हसला. निकिता सध्या शेलूबाजारच्या शाळेत संगीत शिकवते आणि तिच्याकडे मृदंग शिकायला पाच मुली येतात.

सादिक सर आता अठ्ठेचाळीसचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाले. विषय त्यांनी स्वतः शोधला: भजनी घरांतल्या ज्या बायांना बोल पाठ होते पण ज्यांच्या हातात वाद्य आलं नाही, त्या. घरी मेहरबीवहिनी म्हणतात, “दुआची बारावी अन् अब्बूची पीएच.डी. एकाच टेबलावर चालली. टेबल मोठा घ्यावा लागन.” मुलगी दुआ म्हणते, अब्बू तिच्यापेक्षा जास्त खाडाखोड करतात.

मनकर्णाबाईंनी सरांना आणखी दोन नावं दिली आहेत. त्यांतल्या एक पोहरादेवीच्या वाटेवरच्या गावातल्या गोमतीबाई. सरांनी परवा माझ्यासमोरच त्यांना फोन लावला, स्वतःचं नाव-गाव सांगितलं आणि केव्हा येऊ असं विचारलं. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, “सोयाबीन निघू द्या, मंग या. दोन दिस राहाच्या हिशोबानं या, एका दिसात होनार नाही!”

सरांनी डायरीत दिवाळीनंतरचा पहिला शनिवार आणि रविवार दोन्ही खूण करून ठेवले.